शिबिरात म्हातारी माणसं हवीतच

आमच्या उन्हाळी शिबिरातलं ‘ज्येष्ठांच्या आठवणी’ हे सत्र कायमचं बंद करावं, असं टिपण एका तरुण सहकाऱ्याने संयोजकांपुढे ठेवलं आहे. टिपण मनापासून लिहिलेलं आहे आणि त्यातली निम्मी तक्रार मला मान्य आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. शिवाय हे मत त्याच्या एकट्याचं नाही. शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या अनेक शिबिरांतून म्हातारी माणसं हळूहळू दिसेनाशी झाली आहेत. त्यांच्या वेळात रोबोटिक्स आलं, कोडिंग आलं, व्यक्तिमत्त्व विकास आला. कुठे त्यावर चर्चा झाली नाही, कुणी ठराव केला नाही. आपल्याकडे निदान कारणं लिहून मांडली गेली आहेत, तेव्हा त्या कारणांशीच बोललं पाहिजे.

टिपणाचं म्हणणं थोडक्यात असं. सुट्टी मुलांची असते, तिच्यावर मोठ्यांच्या भाषणांचा बोजा नको. म्हातारी माणसं ‘आमच्या वेळी’ असं म्हणत जुन्या काळाचं गुणगान करतात आणि त्या गुणगानाबरोबर जात, बाईची जागा, मोठ्यांपुढे मान खाली घालणं हे सगळं मुलांच्या गळी उतरतं. आठवणी भरवशाच्या नसतात, खरं जाणून घ्यायचं तर पुस्तकं आहेत. आणि कुणाला आठवणी जपायच्याच असतील तर त्यांचं चित्रीकरण करून ठेवावं, हवं तेव्हा पडद्यावर दाखवता येईल.

पहिल्या मुद्द्यावर मी त्याच्या बाजूने आहे. ज्येष्ठांचा मान म्हणून आपण जे करतो ते बघवत नाही. व्यासपीठावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शाल, श्रीफळ, गुच्छ, परिचय करून देणाऱ्याचं लांबलेलं बोलणं, मग सत्कारमूर्तींचं त्याहून लांबलेलं मनोगत. खाली सतरंजीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या दुपारी, शंभर मुलं घामाघूम. मागच्या ओळीतलं पोरगं शेजारच्याच्या पाठीवर बोटाने अक्षरं काढतंय आणि ताई डोळे वटारतेय. यातून मुलांना काही मिळत नाही. त्या म्हाताऱ्या माणसालाही मिळत नाही, कारण त्याला बोलावलं जातं ते आपला कार्यक्रम भारदस्त दिसावा म्हणून. त्याने काय पाहिलं, काय केलं, हे ऐकायची तिथे कुणालाच गरज नसते. हा सोहळा बंद करा. आजच करा. मी हात वर करून पाठिंबा देईन.

पण सत्कार वाईट होतो म्हणून माणूसच नको, हा निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

आपलं शिबिर माण तालुक्यात भरतं. शाळेच्या मागे, चालत दहा मिनिटांवर एक पाझर तलाव आहे. मे महिन्यात त्यात पाणी नसतंच, म्हणून मुलं त्याच्या तळात खेळतात, बांधावरून घसरगुंडी करतात. हा बांध १९७२-७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी घातला. मुलांना हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर शिबिरातल्या निम्म्या ताई-दादांनाही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आपण व्यासपीठ काढून टाकलं आणि मुलांनाच बांधावर नेलं. तिथे गावातले एक तात्या आणि वस्तीवरच्या एक आजी आल्या होत्या. दोघांनीही त्याच कामावर माती वाहिली होती. बसायला दगड होते, सावलीला बाभूळ.

तात्यांनी सुरुवात केली. दुष्काळाने गाव एक केला, कुणी लहान नव्हतं, कुणी मोठं नव्हतं, सगळ्यांनी एका बांधावर घाम गाळला, असं ते सांगत होते. टिपणात ज्याला गुणगान म्हटलं आहे ते हेच. मुलं माना डोलावत होती. आजी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “काम एका जाग्याला व्हतं, तात्या. पाणी न्हवतं.” कामावर पाण्याचे रांजण होते. वस्तीवरच्या लोकांनी त्यांना हात लावायचा नाही, ओंजळ पुढे करायची, वरून कुणीतरी ओतायचं. ओतणारं माणूस जागेवर नसेल तर वाट बघायची. तात्या म्हणाले, मला असं काही आठवत नाही. तेव्हा सातवीतल्या एका मुलाने सरळ विचारलं, “तात्या, तुम्ही पाणी कसं घ्यायचात?” तात्या म्हणाले, “रांजणातनं. तांब्यानं.” आणि थांबले.

त्या मुलाला कुणी पढवलं नव्हतं. समतेवरचं बौद्धिक आदल्याच दिवशी झालं होतं, चांगलं झालं होतं, आणि मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण एकाच जागेच्या दोन आठवणी एकमेकींसमोर बसलेल्या बघणं आणि त्यातली कोणती अपुरी आहे हे आपल्याच प्रश्नाने उघडं पडताना बघणं, हे कुठल्या बौद्धिकातून होणार?

म्हणून टिपणातला दुसरा मुद्दा, म्हाताऱ्यांमुळे जुन्या उतरंडी मुलांपर्यंत पोचतात हा, मला उलटा लागू होताना दिसतो. त्या पोचतात हे खरं आहे. पण आपण नेहमी एकाच घरातला, एकाच आळीतला, शक्यतो निवृत्त मुख्याध्यापक किंवा माजी सरपंच असलेला पुरुष बोलावतो म्हणून त्या पोचतात. दोष आपल्या आमंत्रणाच्या यादीत आहे. वस्तीवरच्या आजींना त्याआधी आपण कधी बोलावलं होतं? शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या सासूबाई त्याच कामावर खडी फोडत होत्या हे आपल्याला कधी कळलं? त्या मागच्या दारी बसून लसूण सोलत होत्या तेव्हा. उतरंड मोडायची तर तिच्या खालच्या पायरीवर उभं राहून सगळं पाहिलेल्या माणसाला बोलतं केलं पाहिजे. ज्येष्ठांना हद्दपार करून त्या माणसाचं तोंड आपण पहिल्यांदा बंद करू. वरच्या पायरीवरच्यांच्या आठवणी तर आत्मचरित्रांत, गौरवग्रंथांत, पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर सुखरूप आहेत.

पुस्तकांचा मुद्दा याला लागूनच येतो. पुस्तकं हवीतच, मी पुस्तकांवर वाढलेला माणूस आहे. १९७२ च्या दुष्काळाबद्दल पुस्तकं सांगतात की मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला याच काळात बळ मिळालं, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि पुढे २००५ मध्ये देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. हे मुलांना सांगायलाच हवं. या राज्यातल्या माणसांनी उपासमारीच्या काळात कामाचा हक्क ही गोष्ट सरकारच्या गळी उतरवली, याचा मला अभिमान वाटतो. पण ५० लाख हा आकडा मुलाच्या डोक्यात कुठे ठेवायचा? तो ऐकला की मुलं ‘बापरे’ म्हणतात आणि पुढच्या पानावर जातात. त्या ५० लाखांतली एक बाई समोर बसून सुकडीची चव सांगते, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीला घरात कुणी तोंड लावत नव्हतं आणि तरी ती संपायची हे सांगते, हजेरीपटावर नाव असूनही पगाराला आठवडा उलटायचा हे सांगते, तेव्हा तो आकडा माणसांचा होतो.

आठवणी चुकतात, हेही मान्य. आजींनी तलावाचं काम एका उन्हाळ्यात झालं असं सांगितलं, तात्यांनी दोन. धाकट्या मुलीचा जन्म दुष्काळाच्या ‘आदल्या साली’ की ‘त्याच साली’ हे आजींना नक्की सांगता येईना. पण मग काय झालं? मुलांना तो मुद्दा तडीस न्यायचा होता. दुसऱ्या दिवशी तिघेजण ग्रामपंचायतीत जाऊन जुनं दप्तर मागत होते. दप्तर मिळालं नाही, ग्रामसेवक सुट्टीवर होते, पण एखादी गोष्ट कुठे तपासायची असते आणि ती तपासावी लागते हे त्यांना कळलं. छापलेल्या पानाशी मुलं असा वाद घालत नाहीत, ते पान पाठ करतात.

आणि पुस्तकांत जे आहे ते तिथे आलं कुठून? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये आलं. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांपर्यंत या दोघी पोचल्या, त्यांच्या पुढ्यात बसल्या, विचारत गेल्या. त्या बायका तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. आणखी थोडी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नसता तर चळवळीच्या इतिहासातून त्या गळाल्या असत्या आणि आपण म्हणालो असतो की पुस्तकात तर बायकांचा उल्लेख नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आल्यावर जातं थांबलं होतं, ओव्या फक्त वयस्क बायकांच्या तोंडात उरल्या होत्या. म्हणजे आज आपण ज्याला कागद, ग्रंथ, संग्रह म्हणतो तो कुणीतरी वेळेवर कुणाच्या तरी दारात जाऊन बसल्यामुळे तयार झाला आहे. पुस्तकं आहेत म्हणून माणसं नकोत, असं म्हणणाऱ्याने पुढची पुस्तकं कोण लिहिणार याचं उत्तर द्यावं.

आता चित्रीकरण. हा पर्याय वरवर सोयीचा आहे आणि संग्रहासाठी चित्रीकरण करावंच. पण पडद्यावरच्या आजींना मध्येच थांबवता येत नाही. बांधावरच्या त्या दुपारी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “आजी, तुम्ही शी-शूला कुठे जायचात?” सगळे हसले. आजीही हसल्या. मग म्हणाल्या, पहाटे अंधारात उरकायचं, नाहीतर थेट रात्री. दिवसभर बांधावर गडीमाणसं, आडोसा कुठेच नाही. म्हणून बाया तहान लागली तरी पाणी पीत नसत. कित्येकींना लघवीला जळजळ व्हायची, ती अंगावर काढायची. हे त्यांनी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या माणसाने विचारलंही नसतं, लाजेपोटी किंवा हा काही इतिहास नव्हे असं वाटून. ते ऐकून आठवी-नववीतल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. त्यातली एक म्हणाली की आम्हीही शाळेत पाणी पीत नाही, संडासाला कडी नाही. पुढचा अर्धा तास त्या बोलत होत्या आणि आजी ऐकत होत्या. ते आठवणींचं सत्र होतं की मुलींच्या आजच्या अडचणीचं, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. आपण दाखवलेल्या कुठल्याही चित्रफितीनंतर मुली अशा बोललेल्या मी पाहिलेल्या नाहीत.

तरुणांच्या शिबिरात वयस्कांचं काय काम, असं विचारणाऱ्यांनी सोमनाथकडे बघावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात बाबा आमट्यांनी १९६७ च्या सुमारास सोमनाथचा प्रकल्प उभा करायला घेतला आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. विदर्भातला मे म्हणजे काय ते तिथे गेलेल्यांनाच कळतं. तरी महाराष्ट्रभरातून पोरं-पोरी जातात, सकाळी कुदळ-फावडं घेतात, नंतर भाषणं-गाणी-चर्चा होतात. ही छावणी ज्या जमिनीवर भरते ती जंगलातून शेतीखाली आणणारी माणसं कोण होती? कुष्ठरोगातून बरी झालेली, पण घरच्यांनी परत न घेतलेली. त्यांच्या झिजलेल्या बोटांनी ते रान कसलं गेलं. छावणीत त्या पिढीचा मान राखला जातो तो त्यांच्या शेतात काम करून आणि त्यांनी पिकवलेलं अन्न खाऊन. तिथे दगड उचलताना दम लागलेल्या विशीतल्या मुलाला आपल्याआधी इथे कोण राबलं हे मुद्दाम सांगायला लागत नाही. स्वतः बाबा पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बसू शकत नव्हते, उभे राहायचे नाहीतर आडवे पडायचे. सत्तरी ओलांडल्यावर डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली. बरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, आणि बाबा गाडीत झोपून. त्या पोरांनी म्हाताऱ्याला सांभाळलं की म्हाताऱ्याने पोरांना, हा हिशेब कुणी मांडला नाही. आपल्या मातीतली तरुणांची शिबिरं अशी जुन्या-नव्या पिढ्यांच्या सरमिसळीतून वाढली आहेत. फक्त समवयस्कांचं शिबिर हा सोय बघून काढलेला अलीकडचा प्रकार आहे.

मुलं म्हाताऱ्यांना कंटाळतात, असं एक वाक्य टिपणात सहज येऊन गेलं आहे. कोणती मुलं? आपल्या शिबिरात पुण्याहून येणारी तीस-चाळीस मुलं आहेत, त्यांचे आजी-आजोबा गावी किंवा वेगळ्या सोसायटीत राहतात, त्यांना सवय नसते हे समजू शकतं. पण बाकीची मुलं याच पट्ट्यातली. त्यांतल्या काहींचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि मधले सगळे महिने मूल आजीजवळ असतं. आजी त्याची वेणी घालते, डबा भरते, शाळेतल्या सह्या करते, सही येत नसेल तर अंगठा देते. या मुलांना ज्येष्ठांची ओळख आपण करून द्यायची नाही. त्यांच्या आजीला शिबिरात मान मिळाला तर त्यांना पहिल्यांदा कळेल की आपल्या घरातल्या माणसाजवळ शहरातल्या मुलांनी वहीत लिहून घेण्यासारखं काही आहे. हे सत्र बंद झालं तर सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं होईल, आणि तक्रार करायला ती बैठकीत येणार नाहीत.

एक आक्षेप टिपणात नाही, पण तो यायला हवा होता, कारण तोच सगळ्यात अवघड आहे. प्रत्येक आठवण सांगण्यासारखी नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक दमून झोपलेले असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं घरांच्या दगडमातीखाली गेली. त्यानंतर गावं नव्या जागी वसली. तिथली आजची मुलं नव्या गावठाणात जन्मली आहेत, आणि घरात कुणाच्या तरी फोटोला दरवर्षी हार का घातला जातो हे त्यांना तुकड्या-तुकड्यांनी कळतं. अशा माणसाला मुलांपुढे बसवून ‘सांगा’ म्हणणं क्रूरपणाचं होऊ शकतं. आधी जाऊन भेटायला हवं, नको म्हणायची मोकळीक हवी, बोलता बोलता गप्प व्हायचीही हवी. मुलांनाही ते आधी समजावून द्यायला हवं, आणि समजावलं तर त्यांना समजतं. यासाठी कष्ट लागतात. सत्र बंद करणं त्यापेक्षा सोपं आहे, पण सोपं आहे म्हणून आपण आजवर या शिबिरात काही केलेलं नाही.

घाई आहे, हे मात्र मला जोर देऊन सांगायचं आहे. १९७२ मध्ये जी मुलगी वीस वर्षांची होती ती आज सत्तरीच्या पुढे आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात ज्याची नोकरी गेली आणि जो मुंबई सोडून आपल्याच तालुक्यात परत आला, तोही आता थकला आहे. असे गिरणी कामगार माणमध्ये गावोगाव आहेत. आपण त्यांच्या दारावरून रोज जातो आणि मुलांना मुंबईचा इतिहास शिकवायला बाहेरून वक्ते आणतो.

तेव्हा टिपणातला प्रस्ताव मागे घ्यावा आणि त्याऐवजी पुढचं मान्य करावं, अशी माझी संयोजकांना विनंती आहे. व्यासपीठ, शाल, नारळ, परिचय बंद. दरवेळी किमान दोन माणसं, वेगवेगळ्या आळीतली, त्यांत एक तरी बाई. मुलांनी आदल्या रात्री गटांत बसून प्रश्न काढायचे आणि ते आधी तपासून गाळायचे नाहीत. येणाऱ्याला जाण्या-येण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी द्यायची, कारण त्यांच्यातले बरेचजण आजही कामावर जातात आणि दिवस बुडवून येतात. सत्राची वेळ दुपारी चारनंतर, ऊन उतरल्यावर. तात्या यंदाही यायला तयार आहेत. आजींचे गुडघे दुखतात, त्यांना वस्तीवरून आणायला गाडी लागेल. लसूण सोलणाऱ्या सासूबाईंना अजून कुणी विचारलेलं नाही. टिपण लिहिणाऱ्या सहकाऱ्यानेच जाऊन त्यांना विचारावं, असं मी सुचवतो.